‘आमच्या गावात मलेरिया संपला’ आणि इतर प्रश्न

या वेळी आलेले निम्म्याहून अधिक प्रश्न दोनच समजुतींभोवती फिरतात. ताप उतरला म्हणजे माणसाचा मलेरिया गेला, ही एक. तक्त्यात रुग्ण दिसत नाही म्हणजे गावाचा मलेरिया गेला, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दुसरी जास्त महागात पडते. उत्तरांत जिथे औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या समजून घेण्यासाठी आहेत. त्या वाचून दुकानातून गोळ्या आणू नका.

एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो तोच मलेरिया ना? माझ्या मुलाला रोज येतोय, थंडीही वाजत नाही. (गृहिणी, वसई)

असा नियम धरून बसू नका. आजच रक्त तपासून घ्या.

ताप आला म्हणून लॅबमध्ये ‘फीव्हर पॅकेज’ केले. मलेरिया अँटीबॉडी पॉझिटिव्ह, विडालही पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी रोज एक अशी तीन इंजेक्शने दिली, ताप गेला. आता काही करायला नको ना? (दुकानदार, नाशिक)

करायला हवे. अँटीबॉडी सापडली याचा अर्थ एवढाच की शरीराची या परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती. ती मागच्या वर्षीही पडलेली असू शकते. आजचा ताप मलेरियाचा आहे का, हे फक्त दोन गोष्टी सांगतात: काचेवरचा रक्ताचा थेंब (स्लाईड) सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, किंवा परजीवीचे प्रथिन (अँटीजेन) शोधणारे किट. अँटीबॉडीची चाचणी निदानासाठी वापरू नये, हे लॅबवाल्यांना माहीत असते. तरी ती पॅकेजात असते, कारण तिने पॅकेज जाडजूड दिसते. विडालचेही, म्हणजे टायफॉइडच्या चाचणीचेही, तेच. एका नमुन्यावर आलेले कमी पातळीचे विडाल आपल्याकडे निरोगी माणसातही सापडते. ‘टायफॉइड आणि मलेरिया दोन्ही निघालेत’ हे वाक्य राज्यात रोज शेकडो वेळा उच्चारले जाते. त्यातले किती खरे असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

इंजेक्शनांबद्दल. ती बहुधा आर्टिमिसिनिन गटातली असावीत. या गटातले औषध परजीवींची संख्या झपाट्याने खाली आणते, पण शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून त्याच्या जोडीला लांब टिकणारे दुसरे औषध द्यावेच लागते. आजार गंभीर असेल, रुग्ण गोळी गिळू शकत नसेल, तेव्हा इंजेक्शन जरूर द्यावे. पण त्यानंतर संयुक्त गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला पाहिजे. नुसती तीन इंजेक्शने टोचून घरी पाठवणे हा अर्धवट उपचार आहे, आणि अर्धवट उपचारातूनच औषधाला न जुमानणारे परजीवी पुढे येतात. रवांडा, युगांडा, टांझानिया आणि इरिट्रियात आर्टिमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी सापडले आहेत. ते आपल्याकडे नको असतील तर अशी इंजेक्शने थांबायला हवीत. तुमचा मलेरियाचा प्रकार कोणता होता, व्हायव्हॅक्स की फाल्सिपेरम, हे अहवालात आहे का? नसेल तर अहवाल आणि इंजेक्शनांची रिकामी खोकी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि स्लाईड काढून घ्या.

उपचार पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले, तरी किटवर पीएफची (फाल्सिपेरमची) रेघ येते. रुग्णाला ताप नाही. परत गोळ्या द्यायच्या का? कधी कधी किटवर एकही रेघ उमटत नाही, तेव्हा काय करायचे? (आशा कार्यकर्ती, धानोरा तालुका)

ताई, ताप नसेल तर त्या रेघेवरून परत गोळ्या देऊ नका. पीएफची रेघ ज्या प्रथिनामुळे येते ते परजीवी मेल्यावरही रक्तात दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळते. उपचार लागू पडला का हे पाहण्यासाठी किट नाहीच; त्यासाठी स्लाईड. महिनाभरात त्याच माणसाला पुन्हा ताप आला तर स्लाईड काढा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. तो परत आलेला परजीवी असू शकतो, नवी लागणही असू शकते.

एकही रेघ नाही म्हणजे किट बाद. ‘निगेटिव्ह’ लिहू नका, दुसरे किट वापरा. कंट्रोलची रेघ, म्हणजे किट चालू असल्याची खूण, न येण्याची कारणे ठरलेली आहेत. पाकीट आधीच फोडून ठेवलेले असते. पावसाळ्यात दमट हवेने पट्टी काही वेळात खराब होते, म्हणून पाकीट बोट टोचण्याच्या वेळीच फोडायचे. आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग बदललेला असेल तर ते किट वापरूच नका. एका कंपनीच्या किटमधले द्रावण दुसऱ्या कंपनीच्या किटला घातले जाते, कारण एक बाटली संपलेली असते आणि दुसरी उरलेली. तसे कधीही करायचे नाही. रक्त बहुतेक किटांना पाच मायक्रोलिटर लागते, म्हणजे नळीच्या खुणेपर्यंत. जास्त घातले तर पट्टी लालभडक होते आणि फिकट रेघ त्यात बुडते. स्पिरिट वाळल्याशिवाय टोचू नका. वाचायची वेळ पाकिटावर लिहिलेली असते, बहुतेकांची १५ ते २० मिनिटे. अर्ध्या तासानंतर उमटलेली रेघ धरायची नाही, आणि वेळेत उमटलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच.

किटांना सहसा ४० अंशांपर्यंतचे तापमान चालते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जाते. डबा मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून थोडा वर ठेवा. आणि शेवटचे पाच किट उरल्यावर मागणी करू नका. भामरागडच्या बाजूला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तुमच्याकडे जी वाट दरवर्षी तुटते ती तुम्हाला ठाऊक आहेच. तेवढ्या आठवड्यांचे किट आणि गोळ्या मृगाच्या आधी गावात पोचल्या पाहिजेत. मागणी लेखी करा, प्रत जवळ ठेवा.

मच्छरदाणी साबणाने धुतली तर औषध निघून जाते का? (अहेरी)

साध्या अंगाच्या साबणाने, गार पाण्यात, न घासता धुवा आणि सावलीत वाळवा. साधारण २० धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत औषध टिकेल असे धरून ती बनवलेली असते. कपड्यांच्या पावडरने आणि उन्हाने मात्र लवकर जाते.

आमच्या गावात दोन वर्षांत एकही रुग्ण नाही, असे आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहिले आहे. तरी वर्षातून दोनदा पथक येऊन सगळ्यांची बोटे टोचते, शाळेतल्या मुलांचीही. लोक वैतागले आहेत. २०३० पर्यंत देश मलेरियामुक्त होणारच आहे, तर आता गावाला मोकळे का सोडत नाहीत? (शिक्षक, एटापल्ली तालुका)

गुरुजी, आधी त्या फलकालाच विचारा: दोन वर्षांत रक्त किती जणांचे तपासले? रुग्णांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दर हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण, हा दर सगळे वाचतात. त्याच्या शेजारचा रकाना, म्हणजे शंभरातल्या किती जणांचे रक्त वर्षभरात तपासले, तो कोणी वाचत नाही. तो किमान दहा टक्के असावा, असा कार्यक्रमाचा दंडक आहे. सहाशे वस्तीच्या गावात वर्षाला साठ नमुने तरी हवेत. बाराच घेतले आणि बाराही निगेटिव्ह आले, तर गावात मलेरिया नाही असे म्हणता येत नाही. तो शोधला नाही, एवढेच म्हणता येते.

दहा टक्के भरले म्हणजेही काम झाले असे नाही. टक्केवारी भरायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे: शाळेत जायचे, एका दुपारी चाळीस मुलांची बोटे टोचायची, तक्ता पूर्ण. आणि धानाच्या बांध्यांत रात्री राखणीला झोपणारा, तेंदूपत्ता गोळा करायच्या फळीवर गेलेला, रस्त्याच्या कामावर बाहेरून आलेला, ज्याला खरोखर ताप आहे, तो राहूनच जातो. पथक मुलांची बोटे टोचते ही माझी तक्रार नाही. तापाचा माणूस सुटतो, ही आहे.

आता ताप नसलेल्यांचे रक्त का घ्यायचे? जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया आहे तिथे मोठ्या माणसांच्या शरीराला त्याची अर्धवट सवय झालेली असते. रक्तात परजीवी असतात, पण थोडे. ताप येत नाही, माणूस शेतात जातो, रात्री त्याला डास चावतो आणि परजीवी घेऊन जातो. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम पाड्यांत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळ्यांचे रक्त तपासायला घेतले, ताप असो वा नसो, आणि जोडीला औषधी मच्छरदाण्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या. राज्याचा वर्षाचा आकडा २०१६ मध्ये चार लाखांवर होता, तो २०१९ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास आला. तुमच्या शेजारच्या बस्तरनेही २०२० पासून हाच मार्ग धरला. पण ओडिशाचा आकडा २०२२ नंतर पुन्हा चढू लागला आहे. मोहिमेने जे मिळवले ते रोजच्या व्यवस्थेने टिकवायचे असते, आणि तिथेच ती कमी पडते.

हे आपण आधी एकदा भोगले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ मध्ये त्याचे नाव ‘निर्मूलन’ झाले. घरोघर डीडीटी मारून १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले आणि मृत्यूंच्या रकान्यात शून्य लागले. झाले, संपला मलेरिया. पुढचा टप्पा होता पाळतीचा, म्हणजे दर पंधरवड्याला दारोदार जाऊन ताप शोधण्याचा. तो नेहमीच्या आरोग्यसेवेकडे सोपवायचा होता, आणि ती अनेक ठिकाणी कागदावरच होती. शहरांकडे दुर्लक्ष झाले, कीटकनाशक वेळेवर मिळेना, डासांना त्याची सवय झाली. १९७६ मध्ये नोंदलेले रुग्ण ६४ लाखांच्या पुढे गेले.

श्रीलंकेची गोष्ट तर याहून बोलकी. १९६३ मध्ये सगळ्या बेटावर नोंद फक्त १७ रुग्णांची. फवारणी थांबवली, पाळत ढिली पडली. १९६९ उजाडेपर्यंत आकडा पाच लाखांवर. पुढे त्याच देशाने यादवी युद्ध चालू असताना फिरती पथके चालवून ऑक्टोबर २०१२ मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण गाठला आणि २०१६ मध्ये मुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. त्यानंतरही बाहेरून आलेल्या प्रत्येक रुग्णाचा माग ते काढतात.

आता माझा खरा घोर. फाल्सिपेरमचा रुग्ण डासाला लागण देऊ लागतो ती अवस्था रक्तात यायला ताप सुरू झाल्यापासून साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत निदान आणि औषध झाले तर तो माणूस गावाला धोका ठरण्याआधीच बरा होतो. स्लाईडचा निकाल २४ तासांत मिळणार नसेल तर किट वापरा, हा नियम याचसाठी आहे. प्रत्यक्षात काय होते? आरोग्यसेवकाचे पद रिकामे, शेजारच्या उपकेंद्राचा माणूस दोन्हीकडे बघतो. तो आठवड्याने येतो आणि स्लाईडी गोळा करतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञ एक, केंद्रे अनेक, स्लाईडींचा गठ्ठा पडून. निकाल दहाव्या-बाराव्या दिवशी येतो. तोवर रुग्ण उपचारासाठी गावच्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेला असतो, ताप आपोआप उतरलेला असतो, आणि आरोग्यसेवक गोळ्या घेऊन पोचतो तेव्हा तो शेतावर असतो. तक्त्यात ‘तपासला: होय, उपचार: होय’. दोन्ही खरे, आणि दोन्हींचा उपयोग शून्य. चीनने शेवटच्या वर्षांत एक-तीन-सात असा नियम पाळला: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या वस्तीत कारवाई. २०२१ मध्ये त्यांना प्रमाणपत्र मिळाले. आपल्या फलकावर रुग्णसंख्येच्या जोडीला ‘ताप आल्यापासून औषधापर्यंत किती दिवस गेले’ हा आकडा लिहायला लावा. मग गाव कुठे आहे ते कळेल.

२०३० बद्दल. देशात २०१५ मध्ये ११.६९ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२३ मध्ये २.२७ लाख, तपासण्या मात्र त्या काळात कमी झालेल्या नाहीत, वाढल्या. म्हणजे ही घट खरी आहे. २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणून ते तीन वर्षे टिकवायचे, अशी योजना आहे. उरलेला मलेरिया तुमच्यासारख्या तालुक्यांत आहे: जंगल, सीमा, रिकामी पदे. सोपे होते ते झाले.

तुमच्या हातातले: गैरहजर मुलाला ताप असेल तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा. बाहेरगावाहून, सीमेपलीकडून परतलेल्या घरांची नावे वहीत ठेवा. बोट टोचून घ्यायला पहिले स्वतः बसा. आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्या दुसऱ्या रकान्याची माहिती लेखी मागा.

पपईच्या पानांचा रस, किंवा होमिओपॅथीच्या प्रतिबंधक गोळ्या चालतील का? (ठाणे)

नाही. मलेरिया टाळायलाही नाही आणि बरा करायलाही नाही.

ग्रामपंचायतीने निधीतून धुराचे यंत्र घ्यायचे ठरवले आहे. कोणते घ्यावे? (सरपंच, गोंदिया जिल्हा)

घेऊ नका. धुराने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात, तासाभरात दुसरे येतात. मलेरियाचा डास रात्री चावतो आणि पोट भरल्यावर घराच्या, गोठ्याच्या भिंतीवर बसतो. तुमचे यंत्र संध्याकाळी रस्त्यावर फिरते. साथ भडकली असताना आरोग्य खाते धुरळणी करते, ते वेगळे. एरवी धूर दिसतो, आवाज येतो, फोटो निघतो, म्हणून विक्रेत्यांचे फावते.

त्याऐवजी भिंतींवरच्या फवारणीकडे लक्ष द्या. मिश्रणाचे प्रमाण तपासायला सोपे आहे. दहा लिटर पाण्यात अल्फासायपरमेथ्रिन ५ टक्के असेल तर २५० ग्रॅम, डेल्टामेथ्रिन २.५ टक्के असेल तर ४०० ग्रॅम. दहा लिटरमध्ये साधारण ५०० चौरस मीटर भिंत होते. एका पंपात गाव उरकले असे कोणी सांगितले तर समजून घ्या. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, पट्टा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद, पट्ट्यावर पट्टा थोडा चढलेला. देव्हारा आणि झोपायची खोली सोडून फक्त पडवी फवारून घेणारी घरे फार असतात. डास नेमका सोडलेल्या खोलीत बसतो. दहांतली आठ घरे आतून पूर्ण झाली नाहीत तर त्या फेरीचा उपयोग थोडा.

आणि सारवण. दुसरी फेरी पोळ्याच्या आगेमागे येते, त्याच वेळी बाया भिंती सारवतात, औषध मातीखाली जाते. आधी सारवा, मग फवारा, आणि पुढचे अडीच महिने भिंतीला हात लावू नका. फेरीची तारीख हिवताप कार्यालयाकडून महिनाभर आधी मागून दवंडी द्या. यंत्राचे पैसे वाचले तर सांडपाण्याच्या नाल्या मोकळ्या करा, गावतळ्यात गप्पी मासे सोडा.

वर्षात तिसऱ्यांदा व्हायव्हॅक्स झाला. घरात जाळ्या आहेत. प्रत्येक वेळी डास चावला असेल का? (नोकरदार, मुंबई)

बहुधा नाही. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. क्लोरोक्वीन तीन दिवस घेतल्याने रक्तातले मरतात, यकृतातल्यांना ते लागू होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन असते: किलोला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे सर्वसाधारण प्रौढाला रोज १५ मिलिग्रॅम, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप जातो, पाचव्या दिवशी पाकीट कपाटात जाते. तुम्ही किती दिवस घेतले ते स्वतःशी आठवा. रिकाम्या पोटी घेतल्याने पोट दुखते आणि लोक सोडतात, जेवणानंतर घ्यावे.

पण आता धावत जाऊन गोळ्या आणू नका. जी-६-पीडी नावाचे एन्झाइम ज्यांच्यात कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटतात. लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली तर गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय. गरोदर बायांना आणि तान्ह्या मुलांना हे औषध देत नाहीत. तिसऱ्या खेपेला जी-६-पीडीची तपासणी करून, वजन पाहून मात्रा ठरवणारा डॉक्टर गाठा. घरच्या टाक्यांची झाकणेही बघून घ्या, कारण तुमच्या शहरातला डास स्वच्छ पाण्याच्या टाकीतच वाढतो.

औषध आहे, किट आहे, मच्छरदाणी आहे, आता लसही आहे. तरी आफ्रिकेत दरवर्षी लाखो मुले मरतात. नेमके अडते कुठे? (सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी, पुणे)

शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये अडते. २०२३ मध्ये जगात २६.३ कोटी रुग्ण आणि ५.९७ लाख मृत्यू असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात, बहुतेक पाच वर्षांखालची मुले. नायजेरिया, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक, नायजर आणि टांझानिया या चार देशांतच निम्म्याहून जास्त.

एक उदाहरण नीट अभ्यासा. गंभीर मलेरिया झालेल्या लहान मुलाला रुग्णालयात नेईपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून गुदद्वारात ठेवायची आर्टेसुनेटची कॅप्सूल आहे. गावातली आरोग्य कार्यकर्ती देऊ शकते, चाचण्यांत जीव वाचल्याचे दिसले होते. मग काँगो, नायजेरिया आणि युगांडात ती प्रत्यक्ष वापरात आणून मोठा अभ्यास झाला, आणि मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. कॅप्सूल दिल्यावर पुढे नेणारे वाहन नव्हते, पोचल्यावर इंजेक्शन नव्हते, इंजेक्शन मिळाले तर पुढचा गोळ्यांचा कोर्स नव्हता. कधी तर कॅप्सूलने मूल जरा तरतरीत दिसले म्हणून आईबापांनी पुढे नेलेच नाही. २०२२ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेला तिचा विस्तार थांबवायला सांगावे लागले. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली ती अटीसह: पुढची सगळी साखळी चालू असेल तरच. औषध तेच होते, गुणही तोच.

दुसरे, पैसा. २००१ मध्ये अबुजा येथे आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करायचे कबूल केले होते. बहुतेकांना ते जमलेले नाही. मच्छरदाण्या आणि औषधे परदेशी मदतीवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा अनेक देशांत कामे अडली, आणि मलेरिया असा की एका हंगामाचे वाटप चुकले तर त्याच पावसाळ्यात परत येतो.

तिसरे तुमच्या शेजारचे आहे. ॲनोफेलिस स्टीफेन्सी हा आपल्या शहरी टाक्यांतला डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. तिथे त्या वर्षी २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. गावाकडच्या झोपडीसाठी आखलेल्या कार्यक्रमाला शहरातला, कोरड्या ऋतूतही टाकीत वाढणारा डास आवरत नाही.

‘गरीब देशांना जमतच नाही’ असा निष्कर्ष मात्र प्रबंधात लिहू नका. तिमोर-लेस्ते २००२ मध्ये स्वतंत्र झाला, २००६ मध्ये तिथे दोन लाखांहून जास्त रुग्ण होते, २०२१ पासून स्थानिक रुग्ण शून्य, २०२५ मध्ये प्रमाणपत्र. त्यांची सूक्ष्मदर्शकाची सोय किती खाली, कोणत्या पातळीच्या दवाखान्यापर्यंत पोचली होती ते शोधा. मार्गदर्शकांशी बोलून तोच विषय घ्या.

मुलगा कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे नायजेरियाला चालला आहे. पुण्यात बनणारी मलेरियाची लस त्याला देता येईल का? तिथे राहून अंगाला सवय होते, गोळ्या नकोत, असे त्याचे सहकारी सांगतात. (आई, कोल्हापूर)

लस नाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर-२१ आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, पाच महिन्यांच्या वयापासून, चार मात्रांत. ती फाल्सिपेरमविरुद्ध काम करते आणि आजार कमी करते, पूर्ण थांबवत नाही. मोठ्या प्रवाशांसाठी ती नाही.

सहकाऱ्यांचे ऐकू नका. अशी अर्धी सवय तिथे जन्मलेल्याला लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण होऊन येते, आणि तोही काही वर्षे बाहेर राहिला तर ओसरते. मुंबईहून गेलेल्या तिशीतल्या माणसाला फाल्सिपेरम दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. नायजेरियात क्लोरोक्वीनचा उपयोग नाही. मेफ्लोक्वीन आठवड्याला एक, निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करून परतल्यावर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिन रोज, परतल्यावर चार आठवडे. आणखीही पर्याय आहेत. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर मेफ्लोक्वीन चालत नाही. म्हणून निघण्याच्या किमान महिनाभर आधी प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांना भेटा. दोन वर्षांचा मुक्काम आहे, हे त्यांना आधी सांगा. सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला तर पहिल्याच वाक्यात ‘नायजेरियाहून आलोय’ म्हणायचे. परतल्यानंतर वर्षभर हे लक्षात ठेवायचे. बहुतेक उशीर त्या एका न बोललेल्या वाक्याने होतो.

सुनेला सातवा महिना आहे, दोन दिवस ताप आहे. गरोदरपणी मलेरियाची औषधे देत नाहीत असे शेजारणी म्हणतात, म्हणून ओल्या पट्ट्या ठेवतोय. (कुरखेडा तालुका)

शेजारणींनी अर्धेच ऐकले आहे. प्रायमाक्वीन देत नाहीत, बाकीची औषधे देतात, सातव्या महिन्यात तर नक्कीच. न दिल्यास रक्त झपाट्याने कमी होते, साखर उतरते, वेळेआधी कळा येतात, मूल कमी वजनाचे होते किंवा दगावते. आशाताईंकडून आत्ता किट करून घ्या. निगेटिव्ह आले तरी आजच तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. झोपाळलेली असेल, उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल तर तिथे न थांबता १०८ बोलावून थेट जिल्ह्याच्या महिला रुग्णालयात न्या. गरोदरपणाचे कार्ड बरोबर घ्या.